घराखालची जमीन : पेव, बळद, तळघर

मराठी वर्तमानपत्रांत कशाचे ना कशाचे पेव नेहमीच फुटलेले असते. इंग्रजी शाळांचे फुटते, खाजगी क्लासेसचे फुटते, साहित्य संमेलनांचे फुटते. पुरस्कारांच्या पेवाबद्दल तर बोलायलाच नको. वाक्प्रचार वापरणाऱ्याचा सूर बहुधा नापसंतीचा असतो. पण पेव म्हणजे नेमके काय, असे वर्गात विचारले तर शांतता पसरते. आम्ही हे विचारून पाहिले आहे. एकदा ‘मुंग्यांचे वारूळ’ असे उत्तर आले, आणि ते अगदीच चूक म्हणवेना. जमिनीखाली असते, आत धान्य असते आणि फुटले की आतले भराभर बाहेर पडते, एवढे तरी त्यात बरोबर होते.

दुसरीकडे मराठी समीक्षेत ‘तळघर’ हा शब्द मोठ्या प्रतिष्ठेने वावरतो. मनाचे तळघर, नेणिवेचे तळघर, संस्कृतीचे तळघर. कादंबरीतले पात्र तळघरात उतरले की ते स्वतःतच उतरले, असे आपण न विचारता धरून चालतो. म्हणजे एक शब्द असा, की ज्याची वस्तू आपल्याकडे गावोगाव होती आणि आता फक्त म्हणीपुरती उरली. आणि दुसरा असा, की ज्याची वस्तू सामान्य मराठी घरात जवळजवळ कधीच नव्हती, तरी रूपक म्हणून तो घरोघरी पोचला. या अदलाबदलीकडे नीट पाहायचे तर घराखाली जागा असण्याने काय साधत होते आणि काय बिघडत होते, हा अगदी साधा, संसारी प्रश्न विचारला पाहिजे. समीक्षकांना तो थोडा खालच्या दर्जाचा वाटेल. विषयच खालचा आहे, त्याला इलाज नाही.

रूपकाचे तळघर कुठून आले ते आधी पाहू. गास्तों बाशलारचा अवकाशाच्या काव्यशास्त्रावरचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने घर ही उभी वस्तू मानली : वर पोटमाळा, खाली तळघर. वर विवेक, उजेड, स्पष्टता. खाली अंधार, भीती, अविवेक. या मांडणीमागे युंग आहे. १९०९ साली युंगला एक स्वप्न पडले होते. वरच्या मजल्यावर रोकोको पद्धतीचा दिवाणखाना, तळमजला मध्ययुगीन, त्याखाली रोमन काळातले तळघर, आणि तळघराची एक शिळा उचलून खाली उतरल्यावर एक गुहा. तिच्यात धुळीत पडलेली हाडे, फुटकी मडकी आणि दोन कवट्या. युंगने हे स्वप्न फ्रॉइडला सांगितले. फ्रॉइडला कवट्यांत रस वाटला, युंगला मजल्यांत. पुढे या मजल्यांवरच सामूहिक नेणिवेची कल्पना उभी राहिली.

स्वप्न सुंदर आहे. पण ते ज्या घराचे आहे, त्या घराला तळघर होते यामागे निव्वळ बांधकामाचे एक कारण आहे. थंड देशांत हिवाळ्यात जमीन काही फुटांपर्यंत गोठते. गोठलेली माती फुगते आणि पाया वर उचलते. म्हणून पाया गोठणीच्या खाली न्यावा लागतो, उत्तर अमेरिकेत कित्येक ठिकाणी चार-पाच फूट. इतके खणलेच आहे तर आणखी थोडे खणून खोली का करू नये? तळघर तिथे जवळजवळ फुकट पडते. त्यात सरपण, कोळसा, बटाटे, मद्य ठेवता येते. दोस्तोयेव्हस्कीची १८६४ सालची जी छोटी कादंबरी आपण ‘भूमिगत माणसा’ची म्हणून शिकवतो, तिच्या मूळ नावातला ‘पोद्‌पोल्ये’ हा शब्दही शब्दशः ‘फरशीखालची जागा’ एवढाच आहे. रशियन खेडुताच्या घरात लाकडी फरशीखाली भाज्या आणि लोणची ठेवायची जी जागा असते, ती. तो कडवट, स्वतःलाच चावणारा निवेदक बटाट्यांच्या जागेतून बोलतो आहे, हे ध्यानात ठेवले तर त्याची वाक्ये निराळी वाचता येतात असे आम्हांला वाटते.

आता आपली जमीन. घाटावर पाया खणू लागले की काही फुटांवर मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. घर उभे राहायला मुरूम पुरतो. त्याखाली जायचे तर सुरुंग, पहारी आणि पैसा. जमीन गोठण्याचा प्रश्नच नाही. उन्हाळ्यासाठी जाड भिंती आणि मातीचे धाबे पुरेसे होते, त्यामुळे दिल्लीच्या हवेल्यांसारखे दुपार काढण्याचे तहखाने इथे रूढ होण्याचे कारण नव्हते. कोकणात तर खाली जाण्याचा विचारच वेडेपणाचा. जांभा दगड पाणी पितो आणि वर्षाला शंभर-सव्वाशे इंच पाऊस. खणलेला खड्डा आषाढात विहीर होईल. म्हणून कोकणी घर वर साठवते. माळा, पोटमाळा, माळ्यावरच्या कणग्या, पेंढ्यात बांधलेल्या भाताच्या मुड्या, खाली चुलीचा धूर, जो वर जाऊन कीड मारतो. देशावरचे घर मात्र साठवणीसाठी खाली वळते. बाशलारच्या एकाच घरात वर आणि खाली दोन्ही आहे. आपल्याकडे ते घर सह्याद्रीने मधोमध कापले : माळा पश्चिमेला राहिला, पेव पूर्वेला. मराठी कथेत कोकणातल्या माळ्यावर इतकी भुते का असतात आणि देशावरच्या घरात ती बहुधा बाहेर, विहिरीवर किंवा पिंपळावर का असतात, याचे उत्तरही कदाचित या धान्याच्या व्यवस्थेत सापडेल. अर्थात हा अंदाज. कुणी अभ्यास केला तर बरे.

पेवाची रचना साधी, पण हुशारीची. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढे. खाली पोट रुंद, रांजणासारखे. खोली पंधरा-वीस फूट किंवा अधिक. जागा निवडायची ती काळ्या रानात नव्हे. काळी माती पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पेव खणायचे ते गावठाणाच्या उंचवट्यावर, पांढरीत, जिथे माती घट्ट, कोरडी आणि मुरमाड. कधी अंगणात, कधी ओसरीखाली, कधी थेट माजघराच्या भुईत. आतून शेणामातीने सारवायचे, शेकून कोरडे करायचे, तळाला आणि कडेने कडबा किंवा भुसा दाबून बसवायचा आणि ज्वारी ओतायची. तोंडावर दगडी चीप, चिपेवर माती, मातीवर सारवण. जाणत्याखेरीज इतरांना खाली काही आहे याचा पत्ताही लागू नये.

त्यानंतरचे काम धान्य स्वतः करते, आणि इथेच या वस्तूचे मर्म आहे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. त्याच्याबरोबर आत गेलेले किडेही श्वास घेतात. बंद जागेतला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि कीड गुदमरून मरते. औषध नाही, राख नाही, राखणदार नाही. शिवाय काही फुटांखाली जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते. वैशाखातला वणवा तिथे पोचत नाही. उंदीर पोचत नाहीत, आग पोचत नाही. गवताच्या छपरांच्या गावात हा शेवटचा मुद्दा फार मोठा होता. घर जळाले तरी पुढच्या वर्षाची भाकरी शाबूत राहत असे. चांगल्या पेवात ज्वारी काही वर्षे टिकते, आणि दख्खनच्या पावसाचा लहरीपणा पाहता दोन-तीन वर्षांची साठवण ही चैन नव्हती. एक वर्ष गेले तरी माणूस उरावा, यासाठीची ती किमान तजवीज होती.

तोटेही त्याच बंदिस्तपणातून येत. पेवातल्या ज्वारीला एक वास येतो, रंग उतरतो. ज्यांनी ती खाल्ली त्यांना तो वास विसरता येत नाही. कडेचा थर ओल लागून काळा पडतो, तो फेकावा लागतो. आणि गुदमरण्याने किडा मरतो तसा दाण्यातला कोंबही मरतो. पेवातले धान्य खायला चालते, पेरायला भरवशाचे नसते. म्हणून बियाणे वेगळे ठेवायचे : निवडक कणसे आढ्याला टांगून, किंवा राखेत घोळून मडक्यात. घराने स्वतःच्या पोटात भविष्याचे असे दोन भाग केलेले होते. खायचे भविष्य जमिनीखाली, पेरायचे भविष्य आढ्याला. शेतकरी घरांत याला कुणी तत्त्वज्ञान म्हटले नाही. ती रीत होती.

सर्वांत मोठा तोटा माणसाच्या वाट्याला येई. पेव उघडले की तो जड वायू तळाशी साचलेलाच असतो. घाईने उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणून तोंड उघडून काही तास, कधी दिवसभर थांबायचे आणि मग दोरीने कंदील किंवा पणती खाली सोडायची. दिवा विझला तर आत जायचे नाही. दिवा तेवत राहिला तर गडी उतरायचा.

‘गडी’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. पेवाचा मालक पेवात फारसा उतरत नसे. ज्याच्याकडे दोन वर्षांचे धान्य त्याच्याच घरी पेव. ज्याच्या घरी आजची भाकरी उद्याच्या मजुरीवर, तो दुसऱ्याच्या पेवात उतरायचा. बलुत्यावर जगणाऱ्या घरांना पेव खणण्याचा प्रसंगच येत नसे, कारण त्यांच्यापर्यंत पोचणारे धान्य साठवण्याइतके कधी नसायचेच. ग्रामजीवनाच्या हळव्या वर्णनांत पेव येते तेव्हा ते समृद्धीचे चिन्ह म्हणून येते. ते चिन्ह खरे आहे. पण त्याच्या अरुंद तोंडातून एका वेळी एकच माणूस जायचा आणि तो कोण असायचा, हे त्या वर्णनांत सहसा नसते.

ही रीत किती जुनी? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिथे जमिनीत खणलेल्या धान्यकोठ्या आहेत, कणग्या ठेवण्याचे ओटे आहेत. म्हणजे साठवणीसाठी जमिनीत खणणे ही या पठारावर तीन हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे. पण इनामगावच्या घरांच्या भुईखाली धान्यच नव्हते. तिथे माणसेही होती. मेलेले मूल दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीत पुरत. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा एक अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. युंगच्या स्वप्नातल्या घराच्या तळाशी फुटकी मडकी होती आणि कवट्या होत्या. इथे ते स्वप्न नाही. इथे आई ज्या भुईवर स्वयंपाक करीत होती, तिच्याखाली तिचे मूल होते आणि जवळच कुठेतरी येत्या वर्षाचे धान्य होते. या भुईला भीतीचे, अविवेकाचे ठिकाण म्हणायला आमची लेखणी धजत नाही. जे आपल्यापासून जाऊ नये, ते तिथे ठेवलेले होते.

दडवण्याचा इतिहास याहून गोंगाटाचा आहे. संस्कृतात ‘भूमिगृह’ हा शब्द आहे. ‘भुयार’ आणि गुजरातीतले ‘भोंयरुं’ त्याच वंशातले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाने आपल्या निवासाखाली भूमिगृह करावे आणि कोषाखालीही करावे, असे सांगितले आहे. महाभारतात विदुर खनक पाठवतो आणि पांडव जतुगृहातून भुयाराने निसटतात. राजा खाली जातो तो जीव आणि सोने वाचवायला. रयत खाली जाते ती धान्य राजापासून वाचवायला. या दोहोंतला फरक पन्हाळ्यावर उभा राहिला की दिसतो. तिथला अंबरखाना, गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची प्रचंड दगडी कोठारे, जमिनीवर आहेत. लांबूनच दिसावीत अशी. सत्तेचे धान्य मिरवायचे असते. कुणब्याचे धान्य मोजणीला येणाऱ्या कारकुनाला, मुलूख तुडवत जाणाऱ्या फौजेला आणि पेंढाऱ्याला दिसू नये असे असते.

फौजांनाही हे ठाऊक होते. सारवलेल्या भुईवर पाणी ओतायचे आणि ते कुठे पटकन मुरते ते पाहायचे; माती जिथे उकरलेली असेल तिथे पाणी लवकर जिरते. १८५७ नंतर दिल्लीची घरे धुंडाळणाऱ्यांनीही हीच युक्ती वापरली. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या लुटीचे जे वर्णन आहे, त्यात लूट सोन्याचांदीपासून भांड्याकुंड्यांवर, कापडावर आणि शेवटी धान्यावर उतरत जाते. लुटीला शेवटी धान्यच लागते. उपाशी फौजेला तर आधी तेच लागते.

या संदर्भात दामाजीपंतांची कथा पुन्हा वाचण्यासारखी आहे. महिपतीच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’मुळे ती घरोघरी पोचली. मंगळवेढे हा ज्वारीचा मुलूख. दुष्काळ पडतो, दामाजी बिदरच्या बादशहाचे धान्य लोकांना लुटवतो आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपाने जाऊन त्याची किंमत चुकती करतो. आपण ही कथा भक्तीची म्हणून शिकवतो. पण तिच्यातला पेच असा, की धान्य आहे, बंद आहे आणि बाहेर माणसे मरताहेत. बंद धान्य उघडण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न कथेने मोकळेपणाने विचारला आहे आणि त्याचे उत्तर मात्र देवावर सोपवले आहे. देवाने त्यासाठी रूप कुणाचे घेतले, तेही पाहावे. गावात सर्वांत कमी धान्य ज्याच्या वाट्याला येई त्याचे.

वाड्यांतल्या तळघरांविषयी आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण त्यांच्याविषयी दंतकथा जास्त आणि मोजमाप कमी. जुन्या वाड्यांत तळघरे असत. त्यांत दप्तरे, भांडी, दागिने, अडीअडचणीला बायकामुले. अधिक खास मराठी वस्तू म्हणजे बळद : जाड भिंतीत किंवा भुईत ठेवलेली पोकळी, जिच्यात वरून धान्य ओतायचे आणि खालच्या छोट्या तोंडातून काढायचे. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती भिंत. पुण्यातल्या प्रत्येक वाड्याखालून शनिवारवाड्यापर्यंत भुयार गेलेले असते असे ऐकायला मिळते. तसे असते तर शनिवारवाडा कधीच खचला असता. पुण्याच्या भुईखाली खरोखर जे आहे ते कात्रजच्या तलावातून आणलेल्या पाण्याचे नळ, नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, आणि त्यांनी भरणारे हौद. त्यांच्यावर मात्र कुणी रहस्यकथा लिहीत नाही.

पेव संपले कसे, हे एका वाक्यात सांगता येत नाही. सारा रोखीत भरायचा झाला तेव्हा सुगीलाच धान्य विकणे भाग पडले. सावकाराचे देणे त्याच खळ्यावर फिटू लागले. १८७५ साली सुप्याला दंगा उसळला तो याच कोंडीतून. रेल्वे आली आणि धान्याला दूरची बाजारपेठ मिळाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात रेल्वेने धान्य आणले की नेले, हा वाद तेव्हापासूनचा. आमच्या मते दोन्ही झाले. पण गावाच्या भुईतली दोन वर्षांची साठवण एकदा बाजारात गेली ती पुन्हा भुईत परतली नाही. स्वातंत्र्यानंतर लेव्हीच्या दिवसांत काही पेवे पुन्हा कामाला आली, जुन्याच कारणासाठी : सरकारी माणसाला दिसू नये म्हणून. मग रेशन आले, गोदामे आली, पत्र्याच्या कोठ्या आल्या, कीटकनाशकाच्या गोळ्या आल्या. घरे सिमेंटची झाली तशी भुई फरशीखाली गेली. पोरे खेळताना पडू नयेत म्हणून उघडी पेवे मुरूम टाकून बुजवली गेली.

एका ठिकाणी मात्र ती टिकली, आणि तीही ज्वारीसाठी नव्हे. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर, हरिपूर आहे. मराठी नाटकाच्या विद्यार्थ्याला हे गाव ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव म्हणून माहीत असते, व्यापाऱ्याला ते हळदीच्या पेवांसाठी माहीत होते. इथल्या मातीचा थर खोल आणि घट्ट, आत पाणी उतरू न देणारा. सांगलीच्या बाजारात आलेली हळद इथल्या पेवांत भरायची, भाव येईपर्यंत ठेवायची. पेवांची संख्या हजारांच्या घरात होती. हळदीला कीड नाही, रंग पक्का, वजनात घट नाही. धान्याच्या भुकेसाठी निघालेली रीत इथे भावाच्या वाटेवर डोळे लावून बसली, पण रीत तीच : तोंड उघडून थांबायचे, कंदील सोडायचा, मग हमाल उतरायचा.

नदीकाठच्या गावात जमिनीखाली साठवण, हे ऐकायला विपरीत वाटते. पण गाव उंचावर आणि पुराची रेषा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. त्या रेषेच्या भरवशावर हा सारा व्यवहार उभा होता. २००५ च्या पावसाळ्यात ती रेषा ओलांडली गेली. कृष्णेचे पाणी पेवांत शिरले, हळद कुजली, भिंती ढासळल्या. पेवाची भिंत म्हणजे मातीच. ती एकदा भिजून बसली की पेव उरत नाही, खड्डा उरतो. थोडी पेवे पुन्हा वापरात आली, पण व्यापार शीतगृहांकडे आणि गोदामांकडे वळला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा हरिपूरच्या पेवांचा उल्लेख अभिमानाने झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, पुन्हा महापूर आला.

त्याच २००५ च्या जुलैत, २६ तारखेला, मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी शहरातल्या इमारतींच्या तळघरांत पाणी भरले, मोटारी बुडाल्या, विजेचे मीटर आणि पंप बुडाले. ही तळघरे नव्या जातीची. त्यांना मराठीत कुणी तळघर म्हणत नाही, ती ‘बेसमेंट’. जमिनीचा भाव इतका चढला की काळ्या पाषाणात सुरुंग लावून खाली जाणेही परवडू लागले. हवामानाने जे आपल्याला कधी करायला लावले नव्हते, ते चौरस फुटाच्या दराने करायला लावले. शहरांच्या बांधकाम नियमांत अशा जागेला सहसा वाहने आणि साठवण यांसाठी परवानगी असते, माणसांनी राहण्यासाठी नसते. नियम लिहिणाऱ्याच्या मनात पेव नसणार. तरी त्याने भेद तोच पाळला : खाली वस्तू ठेवावी, माणसाने तिथे कामापुरते उतरावे आणि वर यावे.

सुरुवातीला आम्ही क्लासेसच्या पेवाचा उल्लेख केला होता. दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसची जी वस्ती आहे, तिथे महाराष्ट्रातूनही दरवर्षी मुलेमुली जातात. आमच्या वर्गांतून गेलेलीही त्यांत असतात. २७ जुलै २०२४ रोजी संध्याकाळी तिथे जोराचा पाऊस झाला. रस्त्यावर साचलेले पाणी एका क्लासच्या तळघरात शिरले आणि मिनिटांत तळघर भरले. तिथे ग्रंथालय होते. मुले वाचत बसली होती. तिघे बुडून मेले, दोन मुली आणि एक मुलगा. नंतर कागदपत्रे पाहिली गेली तेव्हा त्या जागेला परवानगी वाहने लावण्याची आणि सामान ठेवण्याची होती.